रॉक संगीत आणि ध्यानमार्ग : एक विचार

एप्रिल महिना जवळ आला की भोर आणि वेल्हे परिसरातील आपल्या वस्त्यांमधून दरवर्षी एकच वाद रंगतो. जयंतीच्या मिरवणुकीत डॉल्बी लावायची की नाही? ज्येष्ठ मंडळी म्हणतात, बुद्ध शांतीचा, बाबासाहेब विद्येचे. तेथे हा धडधडाट कशाला? तरुण म्हणतात, वर्षातून एकदा आपला आवाज गावाच्या वेशीपर्यंत पोहोचतो, तोही तुम्हांला खुपतो काय? बैठक दोन-तीन वेळा मोडते, शेवटी कोणीतरी समजूतदार माणूस मधला मार्ग काढतो आणि पुढच्या वर्षी वाद पुन्हा पहिल्या पानावरून सुरू होतो.

वरवर पाहता हा वाद आवाजाचा आहे. परंतु त्याच्या मुळाशी एक गंभीर प्रश्न आहे. अंगात भिनणारे, माणसाला उभे करणारे, नाचवणारे संगीत आणि मन स्थिर करणारा ध्यानमार्ग यांचे एकमेकांशी काही नाते आहे की नाही? या प्रश्नाचा विचार करताना मला नेहमी रॉक संगीताचे उदाहरण उपयोगी वाटत आले आहे. जगातील सर्वांत गोंगाटी समजले जाणारे हे संगीत, आणि तरीही गेल्या साठ-पासष्ट वर्षांत त्यातील कितीतरी नामवंत कलावंत बुद्धाच्या, झेनच्या, ध्यानाच्या दाराशी येऊन उभे राहिले. त्यांपैकी दोघे तर आपल्या मुंबईपर्यंत आले. त्यांना काय सापडले, काय सापडले नाही, आणि त्यातून आपण काय घ्यावे, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

रॉक म्हणजे काय, झेन म्हणजे काय

प्रथम दोन शब्दांचा उलगडा करू. रॉक संगीत १९५०च्या दशकात अमेरिकेत जन्माला आले. त्याची एक मुळी गोऱ्या ग्रामीण लोकांच्या गाण्यात असली तरी मुख्य मुळी आहे ती काळ्या लोकांच्या ‘ब्लूज’ आणि चर्चमधील ‘गॉस्पेल’ या गाण्यांत. गुलामगिरीतून सुटलेल्या, पण कापसाच्या शेतात तशाच राबणाऱ्या माणसांचे हे गाणे. त्याला विजेवर चालणारी गिटार, बेस गिटार आणि ड्रम यांची जोड मिळाली. चार मात्रांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर जोर देणारा ठेका हे त्याचे ठळक लक्षण. हलगी कडाडली की पाय आपोआप हलतात, तसाच हा प्रकार. म्हणजे ज्याला आपण ‘इंग्रजी गोंगाट’ म्हणून बाजूला सारतो, त्याच्या पोटात एका दडपलेल्या समाजाची वेदना आहे. अमेरिकेतील ‘ब्लॅक पँथर’ चळवळीचे नाव पाहून १९७२ साली मुंबईत ‘दलित पँथर’ उभी राहिली, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या संगीताचे कूळ परके वाटू नये.

आता झेन. संस्कृतात ‘ध्यान’, पालीत ‘झान’. हा शब्द बौद्ध भिक्खूंबरोबर चीनमध्ये गेला, तेथे त्याचा ‘चान’ झाला, आणि जपानमध्ये पोहोचल्यावर ‘झेन’. झेन हे कोठल्या परक्या देवाचे नाव नसून आपल्याच शब्दाचे दूरदेशी झालेले रूप आहे. चीनमध्ये ताओ विचाराचा त्याच्यावर मोठा संस्कार झाला. ग्रंथ पाठ करण्यापेक्षा बसणे, श्वास पाहणे, आणि झाडलोट, स्वयंपाक, पाणी भरणे अशी रोजची कामे जागेपणाने करणे यावर झेनचा भर असतो.

हे विचार अमेरिकेत कसे पोहोचले? त्यात डी. टी. सुझुकी (१८७०–१९६६) या जपानी विद्वानाचा वाटा मोठा आहे. १९५०च्या दशकात त्यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात झेनवर व्याख्याने दिली. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब ज्या विद्यापीठात शिकले आणि १९५२ साली ज्याने त्यांना सन्माननीय पदवी दिली, तेच हे कोलंबिया. सुझुकींच्या श्रोत्यांत जॉन केज नावाचा संगीतकार होता. त्याने १९५२ साली एक अजब रचना सादर केली. वादक पियानोसमोर बसला आणि चार मिनिटे तेहेतीस सेकंद त्याने एकही सूर वाजवला नाही. श्रोत्यांनी ऐकायचा तो वारा, पाऊस आणि एकमेकांची कुजबुज. हा प्रयोग झाला न्यूयॉर्क राज्यातील वुडस्टॉक गावाजवळ. सतरा वर्षांनी, ऑगस्ट १९६९ मध्ये, त्याच गावाचे नाव घेऊन जगातला सर्वांत गाजलेला रॉक महोत्सव भरला आणि लाखो तरुण जमले. मौन आणि गोंगाट यांची नावे अशी एका गावाशी जोडली गेली.

सुझुकींच्या लेखनाने झेनची हवा तयार झाली. जॅक केरुॲक, ॲलन गिन्सबर्ग, गॅरी स्नायडर या बंडखोर लेखककवींनी ती तरुणांपर्यंत नेली, आणि पुढे साठच्या दशकातील गायकवादक त्यांच्या पुस्तकांवर वाढले. रॉक आणि झेन यांची गाठ पडली ती अशी, टप्प्याटप्प्याने.

मुंबईत ध्वनिमुद्रित झालेले एक गाणे

जानेवारी १९६८ मध्ये इंग्लंडच्या ‘बीटल्स’ या जगप्रसिद्ध चमूतील गिटारवादक जॉर्ज हॅरिसन (१९४३–२००१) मुंबईला आला. एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत त्याने एका चित्रपटाचे संगीत भारतीय वादकांकडून वाजवून घेतले. त्या मुक्कामात एका वेगळ्या गाण्याचे वाद्यसंगीतही मुद्रित झाले. ते गाणे म्हणजे ‘द इनर लाइट’, अर्थात आतला प्रकाश. ताओ विचाराच्या प्राचीन चिनी ग्रंथातील एका प्रकरणावर ते आधारलेले आहे. ती कल्पना हॅरिसनला सुचवली केंब्रिजमध्ये संस्कृत शिकवणाऱ्या हुआन मास्कारो या प्राध्यापकाने. सरोद, बासरी आणि शहनाईच्या कुळातील वाद्यांची साथ मुंबईत झाली, हॅरिसनचा आवाज नंतर लंडनमध्ये चढवला गेला, आणि १५ मार्च १९६८ रोजी ते बीटल्सच्या तबकडीच्या मागच्या बाजूला प्रसिद्ध झाले.

यात एक गंमत आहे. जग जाणण्यासाठी दूर भटकण्याची गरज नाही, अशा आशयाचे हे गाणे. आणि ते मुद्रित करायला गायक लंडनहून मुंबईला आला! पण हसण्यासारखे त्यात काही नाही. कीर्ती, पैसा, जयघोष सारे पंचविशीच्या आत मिळाल्यावर ‘पुढे काय?’ हा प्रश्न ज्याला पडतो तो माणूस जागा होऊ लागलेला असतो. राजवाड्यातून बाहेर पडलेल्या सिद्धार्थाची कथा आपण दर पौर्णिमेला सांगतो. तिची दूरची सावली अशा ठिकाणी पडलेली दिसते.

नशा म्हणजे ध्यान नव्हे

मात्र या नात्याची काळी बाजू सांगितली नाही तर तरुणांची फसवणूक होईल. साठच्या दशकात एल.एस.डी. सारख्या अमली द्रव्यांची लाट आली. गोळी घेतल्यावर येणारी भ्रमावस्था आणि ध्यानातील जागृती एकच, असा समज अनेकांनी करून घेतला. बीटल्सच्या १९६६ सालच्या ‘टुमारो नेव्हर नोज’ या गाण्यामागे तिबेटी बौद्ध ग्रंथाचा अमली द्रव्यांच्या अंगाने लावलेला अर्थच होता. वुडस्टॉकला सतार वाजवणाऱ्या पंडित रविशंकरांना श्रोत्यांमधील नशेचा मनापासून वीट आला होता आणि त्यांनी तो बोलूनही दाखवला.

पुढे १९८७ साली अमेरिकेत एक चमू निघाला, त्याने नावच घेतले ‘निर्वाणा’. आजही आपल्या भागात एस.टी. स्टँडवर ते नाव छापलेले टी-शर्ट घातलेली मुले दिसतात. त्या चमूचा गुणी गायक कर्ट कोबेन याने व्यसन आणि नैराश्य यांच्या विळख्यात १९९४ साली, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, स्वतःचे आयुष्य संपवले. शब्द बौद्ध असला म्हणून वाट बौद्ध होत नाही. भगवंतांनी पाचवे शील सांगितले ते उगीच नव्हे. ध्यानाला ज्या जागृतीची गरज असते, तिचाच नशा घात करते. ज्या मुलाचे मन खचले आहे त्याला टी-शर्टवरच्या निर्वाणापेक्षा घरच्या माणसाची, मित्राची आणि डॉक्टरची गरज असते, हेही आपण ओळखले पाहिजे.

गायक भिक्खू आणि बँकेचा मोठा साहेब

आता ज्या गोष्टीने मला या विषयाकडे ओढले ती सांगतो. लेनर्ड कोहेन (१९३४–२०१६) हा कॅनडातील मॉन्ट्रियलचा कवी आणि गायक. त्याचा आवाज खर्जातला, गाणी संथ; तरी २००८ साली अमेरिकेच्या रॉक संगीताच्या मानदालनात त्याचे नाव सन्मानाने कोरले गेले. हा माणूस आयुष्यभर नैराश्याशी झुंजत होता. १९९३ सालचा दौरा संपल्यावर तो लॉस एंजेलिसजवळच्या माउंट बाल्डी येथील झेन मठात राहायला गेला. सॅन गॅब्रिएल डोंगरातला हा मठ आपल्या तोरण्याच्या माथ्याहूनही उंचावर आहे. पहाटे तीनच्याही आधी उठायचे, थंडीत तासन्‌तास बसायचे, झाडलोट करायची. या नामांकित गायकाकडे काम होते ते वृद्ध गुरू जोशू सासाकी यांच्यासाठी स्वयंपाक करण्याचे आणि त्यांची गाडी चालवण्याचे. १९९६ साली त्याला रीतसर झेन भिक्खूची दीक्षा मिळाली. नाव मिळाले ‘जिकान’. अर्थ काय? मौन. गायकाचे नाव मौन!

एवढे करूनही त्याचे नैराश्य गेले नाही. १९९९ साली त्याने मठ सोडला आणि तो आला थेट मुंबईत. केम्प्स कॉर्नर भागातल्या एका साध्या हॉटेलात तो राहू लागला आणि रोज सकाळी रमेश बाळसेकर यांच्या घरी प्रवचनाला जाऊन बसू लागला. बाळसेकरांचे पुस्तक त्याने मठात असतानाच वाचले होते.

कोण हे बाळसेकर? तर बँक ऑफ इंडियात नोकरी करून सर्वोच्च पदापर्यंत चढलेले आणि साठीला निवृत्त झालेले गृहस्थ. बँकेच्या काउंटरवर आयुष्य काढणाऱ्या माझ्यासारख्याला याचे अप्रूप वाटणारच! निवृत्तीनंतर ते मुंबईच्या खेतवाडीत निसर्गदत्त महाराजांकडे जाऊ लागले. निसर्गदत्त (१८९७–१९८१) म्हणजे मूळचे मालवणकडचे मारुती शिवरामपंत कांबळी, विड्यांचे दुकान चालवणारे. घराच्या लहानशा माळ्यावर ते मराठीत बोलत, आणि जगभरातून आलेल्या जिज्ञासूंसाठी त्यांचे बोलणे इंग्रजीत केले जाई. ते काम करणाऱ्यांपैकी बाळसेकर एक. पुढे ते स्वतः घरी बसून लोकांशी बोलू लागले. म्हणजे खेतवाडीच्या माळ्यावरची मराठी एका बँक अधिकाऱ्याच्या इंग्रजीतून मॉन्ट्रियलच्या गायकापर्यंत पोहोचली.

बाळसेकरांच्या सांगण्याचा गाभा असा होता : जगात घटना घडतात, कृत्ये होतात, पण ती करणारा असा स्वतंत्र ‘मी’ कोठेच नाही. हे विधान ते बुद्धाच्या नावावर सांगत. कोहेन काही महिने ऐकत राहिला, नंतरही अनेकदा मुंबईला आला. पुढे त्याने मुलाखतींतून सांगितले की या सुमारास त्याचे अनेक वर्षांचे नैराश्य हळूहळू ओसरले. कशामुळे, हे तो ठामपणे सांगत नसे. वाढत्या वयाचाही भाग असेल, असेही तो म्हणे. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. चमत्काराची जाहिरात त्याने केली नाही.

‘करणारा कोणी नाही’ हे आपल्याला चालेल काय?

येथे मात्र आपण थांबून विचार केला पाहिजे. ‘मी’ नावाची कायमची, न बदलणारी वस्तू नाही, हे तर बुद्धाच्या अनात्मवादाचेच सूत्र आहे. परंतु त्यावरून ‘कोणीच काही करत नाही, सारे आपोआप ठरल्याप्रमाणे घडते’ अशी उडी मारली, तर आपण धम्माच्या बाहेर पडतो. ज्याने पाणवठा अडवला, त्याला विचारले तर तोही म्हणेल, ‘मी कोण करणारा? घटना घडली!’ ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले की तुमचे भोग ठरलेलेच आहेत, त्या समाजाने हे तत्त्वज्ञान डोळे मिटून स्वीकारणे परवडणारे नाही.

भगवंतांच्या काळातही हा वाद होता. मक्खलि गोसाल हा आजीवक पंथाचा आचार्य म्हणे की सर्व काही नियतीने ठरलेले असून माणसाच्या प्रयत्नाला, बळाला, पराक्रमाला काही अर्थ नाही. पूरण कस्सप म्हणे की मारण्याने पाप नाही आणि दानाने पुण्य नाही. दीघनिकायातील सामञ्ञफल सुत्तात या दोघांची मते नोंदलेली आहेत. आणि अंगुत्तरनिकायात बुद्धांनी मक्खलिच्या मताला केसांच्या कांबळ्याची उपमा दिली आहे. केसांचे कांबळे थंडीत गार पडते, उन्हात तापते, दिसायला वाईट आणि अंगाला टोचणारे. सर्व वस्त्रांत ते जसे हलके, तसे सर्व मतांत हे मत हलके. आपल्या मावळात पावसाळा घोंगडीवर काढणाऱ्या माणसाला ही उपमा वेगळी समजावून सांगायला नको!

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात हीच कसोटी पुढे नेली. माणसाने माणसाशी कसे वागावे, हा धम्माचा गाभा त्यांनी मानला. भिक्खू हा केवळ स्वतःपुरता परिपूर्ण माणूस आहे की समाजाचा सेवक, असा रोखठोक प्रश्न त्यांनी ग्रंथाच्या प्रारंभीच विचारला. तेव्हा कोहेनला जे सांत्वन मिळाले त्याबद्दल आनंद मानूया. कर्तेपणाचा अहंकार गळणे हे चांगलेच. पण कर्तव्य गळता कामा नये. ‘मी फार मोठा’ हे जावे. ‘मी जबाबदार’ हे राहावे.

गुरूंच्या बाबतीतही तेच. कोहेनच्या झेन गुरूंविरुद्ध, सासाकींविरुद्ध, अनेक स्त्री-शिष्यांच्या गैरवर्तनाच्या तक्रारी २०१२-१३ साली जगासमोर आल्या. तेव्हा ते शंभरी ओलांडलेले होते आणि तक्रारी कित्येक वर्षांपूर्वीपासूनच्या होत्या. कालाम सुत्तात बुद्धांनी बजावले आहे की केवळ गुरू म्हणतो म्हणून काही मानू नका. डोंगरावरचा मठ असो की शहरातला आश्रम, हा नियम सर्वत्र लागू आहे.

कोहेनच्या कथेचा उत्तरार्धही सांगण्यासारखा आहे. तो मठात असताना त्याच्या आर्थिक व्यवस्थापिकेने त्याच्या म्हातारपणाची पुंजी बहुतेक रिकामी केल्याचे २००४ साली उघड झाले. बँकेत बसून मी लोकांना एकच सांगतो, ध्यान जरूर करा, पण पासबुकही वेळच्या वेळी भरून घ्या! कोहेनने न्यायालयात दाद मागितली, निकाल त्याच्या बाजूने लागला, पण पैसा फारसा परत आला नाही. तेव्हा ‘घटना घडली’ म्हणून तो स्वस्थ बसला नाही. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, २००८ साली, तो पुन्हा रंगमंचावर उभा राहिला आणि पुढच्या अडीच-तीन वर्षांत त्याने दोनशेहून अधिक कार्यक्रम केले. तत्त्वज्ञान काहीही असो, त्याच्या वागण्याने मक्खलि गोसालाला उत्तरच दिले.

छत्तीस सेंटची श्रीमंती

याच्या जोडीला एका स्त्रीचे उदाहरण ठेवतो. टिना टर्नर (१९३९–२०२३), जिला जग रॉक संगीताची राणी म्हणते. वाढली अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील नटबुश या खेड्यात, काळ्या कष्टकरी कुटुंबात. लहानपणी कापूस वेचलेला. पुढे नवऱ्याबरोबर गाऊन नाव झाले, पण घरात अमानुष मारहाण. १९७३ साली तिला बौद्ध उपासनेची ओळख झाली. ही वाट झेनची नव्हे. तेराव्या शतकातील जपानी भिक्खू निचिरेन यांच्या परंपरेची, सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या नावाचा जप करण्याची ती वाट आहे. निचिरेन तर झेनचे कडक टीकाकार होते. ती रोज जप करू लागली. मन स्थिर होत गेले, भीती कमी होत गेली, आणि १९७६ साली एके दिवशी ती नवऱ्याला सोडून निघाली. तेव्हा तिच्याजवळ छत्तीस सेंट आणि पेट्रोलपंपाचे एक कार्ड होते. घटस्फोटात तिने पैसा मागितला नाही, फक्त आपले नाव ठेवून घेतले. १९८४ साली, वयाच्या पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर, ती पुन्हा जगाच्या शिखरावर पोहोचली.

आपल्या भगिनींना मी हे उदाहरण मुद्दाम सांगतो. ‘सहन कर, शांत राहा’ असे शिकवणारे ध्यान आणि ‘शांत हो, मग उठून उभी राहा’ असे शिकवणारे ध्यान यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. दुसरे ते धम्माचे.

वीणेची तार

मग बुद्धाला संगीत वर्ज्य होते काय? आठ शिले पाळणाऱ्याने उपोसथाच्या दिवशी नाचगाण्यापासून दूर राहावे हे खरे. अंगुत्तरनिकायात लांबलचक सुरात धम्म गाण्याचे पाच तोटेही सांगितले आहेत. गाणाऱ्याला स्वतःच्याच आवाजाचा मोह पडतो, ऐकणाराही सुरातच अडकतो, गृहस्थ लोक नावे ठेवतात, एकाग्रता मोडते, आणि पुढची पिढी तेच गिरवते. आपल्या मिरवणुकीला हे पाचही तोटे लावून पाहावेत!

परंतु दीघनिकायातील सक्कपञ्ह सुत्तात पंचशिख नावाचा गंधर्व वीणा घेऊन गुहेजवळ येतो आणि चक्क एक प्रेमगीत गातो. त्यात बुद्धाची आणि अर्हतांची स्तुतीही गुंफलेली. भगवंत त्याला रागावत नाहीत. तारेचा आवाज गळ्यावर चढत नाही, गळा तारेवर चढत नाही, दोन्ही कसे जुळले आहेत, असे कौतुक करतात. आणि सोण नावाच्या भिक्खूची कथा तर प्रसिद्धच आहे. श्रीमंताघरचा हा नाजूक मुलगा चंक्रमण करून करून पायांतून रक्त काढतो आणि निराश होऊन घरी परतायचा विचार करतो. भगवंत त्याला विचारतात, तू वीणा वाजवत होतास ना? तार फार ताणली तर वाजते काय? फार सैल सोडली तर? प्रयत्नांचेही तसेच आहे. ध्यान शिकवण्यासाठी बुद्धाने उदाहरण घेतले ते वाद्याचे!

आपल्या पुणे जिल्ह्यातच भाजे लेणीत दोन हजार वर्षांपूर्वीचे एक शिल्प आहे. एक स्त्री तबल्यासारखे वाद्य वाजवते आहे, दुसरी नाचते आहे. भिक्खूंनी पावसाळ्यात जेथे मौन पाळले असेल त्याच दगडात ठेका कोरलेला आहे. आपल्या परंपरेला वाद्याचे वावडे कधीच नव्हते. भीमराव कर्डकांचे जलसे, वामनदादा कर्डकांची गाणी, प्रल्हाद शिंदे यांचा आवाज यांवर आपली चळवळ वाढली. स्वतः बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकण्याचा छंद धरला होता. अलीकडे मुंबईत कबीर शाक्य यांच्या ‘धम्म विंग्ज’ या चमूने गिटार आणि ड्रमच्या साथीने बुद्ध-आंबेडकरांचा विचार गाण्याचा प्रयत्न केला. तो आवडो न आवडो, पण मुले स्वतः वाजवतात, स्वतः शब्द लिहितात, हे महत्त्वाचे.

मग आपण काय करावे?

माझ्या अल्पमतीप्रमाणे भेद शांतता आणि आवाज यांत नाही. भेद आहे तो जागेपणा आणि बेभानपणा यांत. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात दहा दिवस मौन पाळूनही माणूस मनात भांडत बसू शकतो, आणि हलगी वाजवणारा पोरगा प्रत्येक ठोक्यावर पूर्ण जागा असू शकतो. भाड्याने आणलेल्या भिंतीएवढ्या पेट्यांपुढे मात्र कोणीच वाजवत नसते, कोणी ऐकतही नसते. फक्त छाती हादरते. घरातले तान्हे मूल आणि अंथरुणाला खिळलेला म्हातारा यांचाही तेथे विचार नसतो. कायद्याने वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या नियमांत घालून दिली आहे आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. कायदा लिहिणाऱ्याच्या जयंतीला कायदा मोडू नये, एवढे तरी सर्वांना पटावे.

तीन गोष्टी सुचवतो. पहिली, मिरवणुकीपूर्वी वंदनेनंतर सर्वांनी, तरुणांनीसुद्धा, पाच मिनिटे श्वासावर लक्ष ठेवून बसावे आणि मगच वाद्याला हात घालावा. दुसरी, मंडळाच्या हिशेबाच्या वहीत ध्वनियंत्रणेच्या एका रात्रीच्या भाड्याचा आकडा पाहावा आणि त्यात किती ढोलक्या, हार्मोनियम, गिटारी येतील याचा भागाकार करावा. भाडे रात्रीत संपते, वाद्य वीस वर्षे राहते. तिसरी, ज्येष्ठांनी पोरांच्या कानातले गाणे एकदा मागून ऐकावे. त्यात कदाचित कापसाच्या शेतातील एखादी हाक असेल, जी आपल्याही ओळखीची निघेल.

तार फार ताणू नये, फार सैलही सोडू नये. ज्येष्ठांनी ताणू नये, तरुणांनी सैल सोडू नये. मग जो सूर लागेल तो गावाच्या वेशीपर्यंतच काय, त्याच्याही पलीकडे जाईल. सुज्ञ वाचकांनी यावर विचार करावा, ही नम्र विनंती.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम!